डांबराखालचे नंबर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. माहीमच्या कोळीवाड्यात जन्मून मला पाण्याची भीती वाटते, वाऱ्याची वाटते आणि मोठ्याने बोलणाऱ्या माणसाची तर फारच वाटते. म्हणून बापाने मला होडीवर न नेता शाळेत घातलं. मॅट्रिक झालो, परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो आणि आमच्या मच्छीमार सोसायटीत कागद वाचणारं दुसरं कुणी नसल्यामुळे तिचा सेक्रेटरीही झालो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी १९५९ साली लोखंडाची शेड लागली.

त्याआधी आमच्या बायका लाकडी खांबांच्या आणि झापांच्या मांडवात बसत. होड्या लागल्या की मासळी तिथेच निवडायची, लिलाव तिथेच, आणि पावसाळ्यात जाळीही तिथेच ठेवायची. आदल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी कामावर निघालो असताना मधल्या खांबातून कट्ट असा आवाज मी ऐकला. थांबलो. आठवड्यापूर्वी असाच आवाज ऐकून मी सगळ्या बायकांना उठवलं होतं आणि वर चढून बघितलं तर मांजर निघालं होतं. तेव्हापासून शेंबडी पोरंही मला बघून म्याँव करत. म्हणून त्या सकाळी मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि बस पकडायला गेलो.

अकराच्या सुमाराला वारा सुटला आणि मांडव खाली बसला. माझ्या आईची धाकटी बहीण रखमामावशी त्या मधल्या खांबापाशी बसायची. तिचा उजवा हात खांद्यापासून कायमचा निकामी झाला. ह्याच हाताने ती गप्पा मारता मारता टोपलीभर मासळी साफ करून मोकळी व्हायची. आवाज मी ऐकला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. मावशीच्या समोर बसून मी तिने वाढलेलं कालवण खाल्लं आणि तेव्हाही गप्प राहिलो.

पुढे सोसायटीने ठरवलं की आता लाकूड नको, लोखंडाची तयार शेड आणायची. तेव्हा अशा शेडी नव्याने मिळू लागल्या होत्या. सगळे भाग कारखान्यात कापून, भोकं पाडून यायचे आणि जागेवर नुसते बोल्टांनी जोडायचे. चेअरमन दत्तूनाखवा. चार होड्यांचा मालक, आवाज बंदरापलीकडे जाणारा. तो म्हणाला, "शिक्रेटरी, तू शिकलेला. शेड कुणाकडून घ्यायची ते तू बघ." सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीस बायकांच्या डोक्यावरचं छप्पर मी निवडायचं होतं, आणि ते पुन्हा पडलं तर त्याच्याखाली माझी आई आणि मावशी असणार होत्या.

वहीत मी तीन प्रश्न लिहिले. वाऱ्यात टिकेल का? उभारून कोण देईल? पडली तर कुणाला धरायचं?

पहिल्यांदा फोर्टमधल्या एका मोठ्या कंपनीत गेलो. गुळगुळीत कागदावर शेडींचे फोटो होते, चहाची गोदामं, विमानं ठेवायच्या जागा. टायवाल्या बाबूने वाऱ्याचं उत्तर पुस्तकाच्या अकराव्या पानावर असल्याचं सांगितलं. उभारायला माणसं तुमची तुम्ही आणा म्हणाला. तिसऱ्या प्रश्नाला नुसता हसला. वर म्हणाला, मुंबईचं राज्य कुणाचं होतंय ते आधी ठरू दे, मग नव्या ऑर्डरी घ्यायच्या असं साहेबांनी ठरवलंय. जिना उतरताना मी वही मिटली. एवढ्या मोठ्या कंपनीला भीती वाटते, मग मी कोण?

दुसरा बंदरालगतच्या दारूखाना भागातला भंगारवाला. लढाईच्या वेळची एक अख्खी शेड सुटी करून त्याने आवारात रचून ठेवली होती. त्याचं सगळ्याला हो. वाऱ्यात टिकेल? टिकेल. उभारून देणार? देणार. "साहेब, बाँब खाऊन उभी राहिलेली शेड आहे ही," असं म्हणून त्याने एका खांबावर थाप मारली आणि गंजाची खपली माझ्या बुटावर पडली. तिथल्या भोकात माझं बोट गेलं. दत्तूनाखवा माझ्याबरोबर आला होता. त्याला मात्र ती शेड फार आवडली, कारण ती जाड दिसत होती आणि दुसऱ्याच दिवशी मिळणार होती.

तिसरा पत्ता लालबागचा. मसाल्याच्या गिरण्यांच्या मागे जयवंतरावांचा कारखाना होता. आत शिरेपर्यंत मी सात शिंका दिल्या. भिंतीवर चुन्याने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं आणि खाली पट्ट्या कापायचं मशीन चाललेलं. मी पहिला प्रश्न वाचला. जयवंतरावांनी उत्तर द्यायच्या ऐवजी कोंडीरामला हाक मारली. कोंडीराम त्यांचा मुख्य फिटर. नायगावच्या चाळीत राहणारा, अडीच वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेला, पन्नाशीकडे झुकलेला, शब्द मोजून बोलणारा. माझा प्रश्न ऐकून त्याने उलट मलाच विचारलं, "तुमच्याकडं वारा कुठनं येतो?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणालो, मला नक्की माहीत नाही, बायकांना माहीत असेल. तो म्हणाला, मग त्यांनाच विचारू.

रविवारी तो आला. चेअरमनकडे गेला नाही, तडक रखमामावशीच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला. जुना मांडव कुठे होता, कुठला खांब आधी गेला, वारा कुठल्या कोपऱ्यातून शिरतो, सगळं त्याने तिला विचारलं. तिने डाव्या हाताने बंदराचा नैऋत्येचा कोपरा दाखवला. तो वाळूत रेघा ओढत गेला. सहा कमानी, प्रत्येकीला दोन खांब आणि वर छपराच्या तुळया. दिसायला सगळ्या सारख्या, भोकंही सारखी. पण समुद्राकडच्या शेवटच्या दोन, पाच आणि सहा नंबरच्या, जाड लोखंडाच्या. त्या दोघींच्या मध्ये चार तिरपे गज, म्हणजे वाऱ्याने ढकललं तरी कमानी एकमेकींना धरून राहतील. आधी सगळी शेड लालबागच्या आवारात उभी करून बघायची, प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचा, मग सोडवून इथे आणायची. मी तिसरा प्रश्न विचारला. पडली तर कुणाला धरायचं?

"मला धरा," तो म्हणाला. "पत्ता लिहून घ्या."

मी खरंच लिहून घेतला.

मीटिंगमध्ये दत्तूनाखव्याने दारूखान्याची बाजू लावून धरली. मागून कुणी म्हणालं, तो लालबागवाला पूजाबिजा मानत नाही, त्याच्या हाताने मुहूर्त कसा करणार? मी माझं म्हणणं इतक्या हळू मांडलं की पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नसावं. तेवढ्यात दारातून रखमामावशी बोलली, "त्यानं मना विचारलं." एवढंच. पुढे कुणी वाद घातला नाही.

एप्रिलमध्ये लालबागला शेड उभी राहिली. गिरणी सुटल्यावर मी बघायला गेलो. कोंडीरामने माझा हात धरून आधी दोन नंबरच्या कमानीच्या कडेवर ठेवला, मग सहा नंबरच्या. फरक बोटाला कळत होता, डोळ्याला नाही. प्रत्येक तुकड्यावर त्याने पांढऱ्या रंगाने ठसठशीत नंबर घातले होते. त्या रात्री मला वर्षभरात पहिल्यांदा धड झोप लागली.

आणि मग तो बेळगावला गेला. समितीच्या सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेवर जात होत्या, गिरणगावातून एक निघाली, तिच्यात ह्याचं नाव. जाण्याआधी मला भेटून म्हणाला, "पंधरा दिवसांत येतो. मी आल्याशिवाय एक बोल्ट लावायचा नाही." तिकडे त्याला महिन्याची शिक्षा झाली. कारखान्यात जागा नव्हती, म्हणून जयवंतरावांनी सामान लॉरीने आमच्याकडे पाठवून दिलं आणि बरोबर चिठ्ठी दिली की कोंडीराम सुटेपर्यंत थांबा. चिठ्ठी मी मीटिंगमध्ये वाचून दाखवली. माझ्या आवाजात ती विनंतीसारखी वाटली असणार.

आता आमची रीत सांगितली पाहिजे. समुद्राकाठी काहीही नवं आलं, होडी असो, फळी असो, नांगर असो, की आधी त्याला माखायचं. खारी हवा कुणाला सोडत नाही. नव्या सुनेला आधी हळद लागते तसं आमच्याकडे नव्या लाकडाला तेल आणि डांबर लागतं. लोखंड येऊन पडलं तेव्हा दत्तूनाखव्याने पदरचं डांबर काढलं, पिंप तापवलं आणि अख्खा वाडा कामाला लागला. माझी आई कोपरापर्यंत काळी झाली होती. संध्याकाळी मी गिरणीतून आलो तर वाळूवर सगळे तुकडे ओळीने वाळत पडलेले, काळेकुळकुळीत. कुठेही पांढरा ठिपकासुद्धा नाही.

मी विचारलं, नंबर?

"होडीच्या फळीला नंबर असतो काय?" दत्तूनाखवा म्हणाला. "डोळा लागतो, डोळा." सगळे हसले. आणि मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

होड्या वर ओढायचे दिवस जवळ आले होते, थांबायला कुणी तयार नव्हतं. डोलकाठ्या उभ्या करणारी माणसं आमची, त्यांना कप्पी आणि दोर मिळाले की बास. जी कमान ढिगात वर होती ती आधी उचलली आणि समुद्राच्या टोकापासून उभ्या करत आले. भोकं सारखी, त्यामुळे सगळं बिनबोभाट बसलं. आठ दिवसांत पत्रेही चढले. शेवटच्या दोन कमानी उचलताना जरा जड गेल्या, पण तोवर माणसं थकली होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. चार गज उरले. दत्तूनाखव्याला त्यात कारखान्याचा चांगुलपणाच दिसला, मापापेक्षा जास्त माल दिला म्हणून. बायकांनी ते आडवे बांधून त्यांच्यावर बोंबील वाळत घातले.

मी ते गज मोजले आणि शेडीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. उचलताना जड गेलेल्या त्या दोन कमानी रस्त्याच्या बाजूला उभ्या केल्या होत्या.

तरी मनाची समजूत घालत राहिलो, की थकव्यानेच जड वाटल्या असतील. कमानीच्या कडेवर बोट ठेवून बघायचो, पण डांबराच्या थराने काही कळायचं नाही. मला तसं करताना बघून पोरं म्हणायची, शिक्रेटरी लोखंडाला गुदगुल्या करतो. शेवटी एका बुधवारी पहाटे कुणी नसताना खिळा घेऊन गेलो आणि समुद्राकडच्या टोकाची कमान खरवडली. डांबर सहज निघेना. नखं काळी झाली. मग पांढरा रंग दिसला. अख्खा आकडा उघडा पडेपर्यंत मी खरवडत राहिलो.

२.

सहाच्या जागी दोन. शेजारच्या कमानीवर एक. म्हणजे हलक्यातल्या दोन कमानी वाऱ्याच्या तोंडावर उभ्या होत्या, आणि त्यांना धरायचे गज बोंबील धरून बसले होते.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी कुणाला बोललो नाही. मला पुन्हा ते मांजर आठवत होतं. हे सांगितलं तर म्हणतील, शेड तूच आणलीस आणि तूच नावं ठेवतोस. म्हणतील, आठ दिवस राबलो तेव्हा कुठे होतास? आणि मुहूर्त रविवारचा ठरला होता. जेवण जात नव्हतं. पत्रा जरा वाजला की मी दाराशी जाऊन उभा राहायचो. आईने दृष्ट काढली. शनिवारी कामावरून परस्पर नायगावला गेलो, वहीतला पत्ता काढून. कोंडीराम आदल्या दिवशीच सुटून आला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याची बायको सुंदराबाई त्याला ताट वाढत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं. त्याने ताट बाजूला सारलं.

"कळून किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, चार.

त्याने हात धुतले आणि पान्यांची पिशवी खाली काढली. रागावला असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी तो पान्यांची पिशवी घेऊन आला तेव्हा वारा नैऋत्येच्या कोपऱ्यातूनच सुटला होता. शेडीला आंब्याचं तोरण होतं. चाळीस बायका टोपल्या घेऊन आत बसल्या होत्या. रखमामावशीने समुद्राकडची पहिली जागा धरली होती, होडीवरची मासळी आधी हाताला लागावी म्हणून. दत्तूनाखवा नारळ घेऊन उभा. कोंडीरामने टोकाच्या कमानीला तळवा लावला आणि तसाच ठेवला. मीही लावला. वाऱ्याचा झोत आला की लोखंड आतून थरथरत होतं.

तो दत्तूनाखव्याला म्हणाला, माणसं बाहेर काढा, ह्या दोन कमानी उलट्या जागी आहेत. दत्तूनाखव्याचा चेहरा तांबडा झाला. आधी नारळ फुटू दे, मग उद्या काय ते बघू, म्हणाला. शेड डोळ्यादेखत उभी आहे, उभ्या शेडीतून बायकांना हाकलायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कोंडीरामने माझ्याकडे बघितलं. बायकाही माझ्याकडे बघू लागल्या. मागून कुणीतरी हळूच म्याँव केलं.

मी पुढे झालो. "उठा, बाहेर चला," मी म्हणालो. कुणी हललं नाही. आईने मान खाली घातली, तिला माझी लाज वाटत होती. वर पत्रा कुरकुरला. मी मावशीकडे बघितलं आणि जे वर्षभर पोटात होतं ते बाहेर आलं.

"मावशी, गेल्या साली खांब मोडायच्या आधी मी आवाज ऐकला होता. त्याच सकाळी. मी गप्प बसलो. लोक हसतील म्हणून गप्प बसलो. ह्या शेडीचंही मला बुधवारपासून माहीत आहे. आता तरी उठ."

दत्तूनाखव्याने नारळ खाली घेतला. रखमामावशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान मला ओळखू येईल असा काही नव्हता. मग तिने डाव्या हाताने टोपली कमरेवर घेतली, निकामी हात पदराखाली सारला आणि माझ्या अंगावरून बाहेर निघून गेली. तिच्यामागे आई उठली. मग एकेक करून सगळ्या.

शेड पडली नाही. दुपारी वाऱ्याचा जोर वाढला, पत्रे दणदण वाजले, आम्ही सगळे लांब उभे राहून बघत होतो आणि ती उभी राहिली. संध्याकाळी वारा पडला तेव्हा लोक माझ्याकडे बघून कुजबुजायला लागले. माझ्या मनात आलं, झालं, दुसरं मांजर. दुसऱ्या दिवशी कोंडीरामने पत्रे उतरवले आणि टोकाच्या कमानीच्या खांबाला वरपासून खालपर्यंत दोरी ताणून धरली. दत्तूनाखव्याने एक डोळा मिटला आणि होडीची कड बघतो तसं दोरीवरून बघितलं. मध्यावर लोखंड दोरीपासून दोन बोटं आत गेलं होतं. मग तो घरी गेला आणि आपली कप्पी आणि दोर घेऊन आला. वाकलेला तुकडा लालबागहून बदलून आणला, डांबर खरवडून प्रत्येक नंबर शोधला, बायकांनी गजांवरचे बोंबील काढले. बारा दिवस लागले. नारळ दत्तूनाखव्यानेच फोडला. तेवढा वेळ कोंडीराम बाजूला उभा राहून बोल्ट तपासत होता.

ह्याला आता आठ वर्षं झाली. राज्य झालं, मुंबई आपल्याला मिळाली. शेडीने ह्या आठ वर्षांत बरीच वादळं बघितली, ती हलली नाही. मी अजून सेक्रेटरी आहे. मला आता म्याँव कुणी करत नाही. मी उठा म्हणालो तर बायका उठतात.

रखमामावशी त्या रविवारपासून माझ्याशी बोललेली नाही. आईच्या हाती कालवण पाठवते, माझ्या लग्नात आली, अक्षता टाकल्या, पण शब्द नाही. रोज सकाळी कामावर जाताना मी शेडीजवळ जरा थांबतो आणि कान देतो. ती समोरच असते, सहा नंबरच्या कमानीला पाठ टेकून, डाव्या हाताने मासळी निवडत. ती मान वर करत नाही, आणि मी पुढे निघून जातो.